झोपलेला रुग्ण, जागा मज्जारज्जू

१/ १६ ऑक्टोबर १८४६. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल देऊन दाखवली आणि शस्त्रक्रियेतील किंकाळ्या थांबल्या. पण रुग्णाची शुद्ध हरपली म्हणजे त्याच्या शरीरालाही जखम कळली नाही, असे होते का? उत्तर मिळायला शतकाहून अधिक काळ जावा लागला.

२/ पहिला संशय वेदनाशामकावरच आला. १८७० मध्ये इंग्लंडचे डॉक्टर क्लिफर्ड ऑलबट यांनी विचारले : वारंवार टोचले जाणारे मॉर्फिनच वेदनेला खतपाणी घालत नसेल ना? ताप मोजण्याची आखूड तापमापी घडवणारे ते हेच ऑलबट.

३/ पुढे क्लीव्हलँडचे शल्यविशारद जॉर्ज क्राइल यांनी मांडले की भूल केवळ जाणिवेला निजवते. सुरीने उठवलेले संदेश मेंदूकडे धावतच राहतात. म्हणून ते नायट्रस ऑक्साइडच्या जोडीला शस्त्रक्रियेची जागाही बधिर करीत. १९१४ मध्ये या पद्धतीवर त्यांचा ग्रंथ आला. मेंदूच्या पेशी थकतात हे त्यांचे स्पष्टीकरण टिकले नाही. मूळ निरीक्षण मात्र मोलाचे ठरले.

४/ १९८३ मध्ये लंडनमध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की इजेनंतर मज्जारज्जूच अधिक संवेदनक्षम होतो. मग हलका स्पर्शही वेदना बनू शकतो.

५/ १९८८ मध्ये पॅट्रिक वॉल यांनी त्यावरून निष्कर्ष काढला : वेदना उमटण्यापूर्वीच तिची वाट अडवावी. पुढील चाचण्यांचे निकाल मात्र संमिश्र निघाले.

६/ ऑलबट यांची शंकाही परतली. १९९६ मध्ये अमेरिकेत रेमिफेंटॅनिल या अल्पजीवी, अतिप्रभावी औषधाला मान्यता मिळाली. २००० मध्ये फ्रान्समधील एका अभ्यासात, शस्त्रक्रियेत ते अधिक मात्रेत मिळालेल्या रुग्णांना नंतर वेदनाही जास्त झाल्या आणि मॉर्फिनही जास्त लागले. ही वाढलेली संवेदनशीलता की औषधाची सवय, हा वाद अजून मिटलेला नाही.

७/ म्हणूनच आज अनेक भूलतज्ज्ञ एकाच औषधावर विसंबत नाहीत. नस बधिर करणे, अल्प मात्रेत केटामाइन, अफूवर्गीय औषधांचा बेताने वापर, असा मेळ ते घालतात. भुलीची निवड ही केवळ टेबलावरच्या दोन तासांसाठी नसते. जाग आल्यावर रुग्णाचे दिवस कसे जातील, हेही काही अंशी तीच ठरवते.