फ्यूजच्या तारेचा इतिहास

होळी झाली कीं नागपुरांत अडगळींतला कूलर बाहेर निघतो आणि लवकरच घरोघरीं एक तक्रार ऐकूं येते : फ्यूज पुन्हां गेला! वायरमनची वाट पाहण्यास कोणास सवड नसते; मग जाड तार गुंडाळून काम भागविलें जातें. हें करणें घातक कां, तें समजण्यासाठीं या तारेचा इतिहास थोडासा पाहिला पाहिजे.

विजेच्या प्रवाहानें तार तापते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, हा नियम जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं प्रसिद्ध केला. १८४७ सालीं फ्रान्समधील ब्रेगे यानें सुचविलें कीं, तारायंत्राच्या कचेरींत शिरण्यापूर्वीं वाटेंत बारीक तारेचा तुकडा जोडावा. म्हणजे आकाशांतील वीज कोसळली तर तुकडा वितळेल, पण यंत्र वांचेल. एडिसननें १८८२ सालीं न्यूयॉर्कमध्यें घरोघरीं दिव्यांस वीज पुरविली आणि १८९० सालीं आपल्या फ्यूजचें पेटंट मिळविलें. या सर्वांच्या मुळाशीं विचार एकच : एक जागा जाणूनबुजून दुबळी ठेवावयाची, म्हणजे संकट तेथेंच थोपेल.

आपल्या प्रांतीं मुंबईंत विजेची ट्राम १९०७ सालीं धावूं लागली. नागपुरास पूर्वीं नागपूर इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी वीज पुरवीत असे. १९४८ सालीं येथें आकाशवाणीचें केंद्र निघालें, त्या काळच्या सामान्य घरांत विजेवर कांहीं दिवे, एखादा पंखा आणि फार तर रेडिओ चाले. २३० व्होल्टवर ५ अँपिअर म्हणजे ११५० वॅट. तेवढ्यासाठीं ५ अँपिअरची तार पुरून उरे. आज जुन्याच वायरिंगवर १००० वॅटची इस्त्री, तितकीच विजेची शेगडी, ५०० वॅटचा मिक्सर आणि २०० वॅटचा कूलर एकदम चालूं केला, तर प्रवाह १२ अँपिअरच्या घरांत जातो. मग तार वितळली तर नवल काय?

म्हणून फ्यूज वारंवार जाऊं लागला, तर आधीं मेन स्विच बंद करून किटकॅट काढून पाहावा. तार मध्येंच निमूटपणें वितळली असेल, तर बहुधा भार अधिक झाला आहे. काजळी धरून धातूचे थेंब उडाले असतील, तर कोठें तरी दोन तारा एकमेकींस भिडल्या आहेत. नंतर सर्व प्लग काढून पूर्वीच्याच मापाची तार घालावी व एकेक उपकरण लावून पाहावें. ज्याच्याबरोबर फ्यूज जाईल, तें दोषी. कूलरच्या पंख्याचें बेअरिंग कित्येक महिने पडून गंजतें. पंखा अडला कीं मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. कांहींच न लावतां फ्यूज गेला, तर दोष वायरिंगमध्यें समजावा व परवानाधारक वायरमनला बोलवावें.

५ अँपिअरची तांब्याची फ्यूज-तार सुमारें ०.२ मिलिमीटर जाडीची, १५ अँपिअरची ०.५ मिलिमीटरची. दिसण्यांत फरक थोडा, परंतु तिचा छेद सहापट होतो. ती घातली म्हणजे फ्यूज शाबूत राहतो आणि भिंतींतील वायर तापून पेटते. जर्मनींत १९२४ सालीं श्टोट्स यांच्या कारखान्यांत निघालेलें, आपोआप पडणारें बटन आज एमसीबी म्हणून घरोघरीं आहे. त्याचेंही काम तेंच आणि त्याच्या तक्रारीचा अर्थही तोच.

आणखी एक गोष्ट ध्यानांत असूं द्यावी. माणसाचा प्राण घेण्यास अँपिअरचा काहीं शतांश प्रवाह पुरतो. तेवढ्यानें फ्यूज जात नाहीं. ओल्या कूलरास अर्थिंग हवें, ३० मिलिअँपिअरच्या गळतीस तुटणारा स्विच हवा, आणि पाणी भरण्यापूर्वीं प्लग काढलेला हवा.