फुटबॉलची खतावणी

फुटबॉल हा बावीस जणांनी खेळायचा आणि बावीसशे जणांनी शिकवायचा खेळ आहे. नागपुरात मी दुसऱ्या गटात मोडतो. त्यातून बी.कॉम. आणि बँकेत कारकून! त्यामुळे कोणता क्लब तगला, कोणता बुडाला, याची मी चक्क खतावणी घातली आहे.

पहिले खाते पलटणींचे. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ साली सुरू झाला आणि वूस्टरशायर रेजिमेंटने जिंकला. पुढे १९३७ पर्यंत एकाही भारतीय संघाने तो उचलला नाही. पण पलटण म्हणजे बँकेतला साहेब. जरा जम बसला की बदली! पलटणी आगबोटीने गेल्या, खेळ मात्र इथेच राहिला.

दुसरे खाते कंपन्यांचे. फगवाड्याच्या जेसीटीने १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकली. २०११ मध्ये संघ बंद. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ चा विजेता. २०१० मध्ये तोही बंद. दोघांकडे गोल होते, कप होते, पगार होते. पण एका सहीने उघडलेले खाते एका सहीने बंदही होते, हे आम्हां कारकुनांना कोणी सांगायला नको.

तिसरे खाते मोहल्ल्याचे, म्हणजे जॉइंट! मोहन बागान १८८९ चा. १९११ साली एक गडी सोडून सारे अनवाणी खेळले आणि ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून त्यांनी शिल्ड नेली. कोल्हापुरात तर पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल या तालमीच फुटबॉल खेळतात. आमच्या कामठीचा रब्बानी क्लबही याच जातीचा. इथे खातेदार हजार, शिल्लक बेताची. पण खाते बंद करायला हजार सह्या आणणार कोण? शिवाय पेठेची बदली होत नाही. संघ हरला तर पेठ चार दिवस जेवत नाही, पाचव्या दिवशी पुन्हा वर्गणी काढते.

या खात्याला तारण मात्र एकच, मैदान. २००१ साली हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना नागपुरात भर पावसात झोपडपट्टीतली पोरे फुटकी बादली लाथाडताना दिसली. त्यातून 'स्लम सॉकर' उभे राहिले. चेंडू नव्हता, बूट नव्हते, वर्गणी तर नव्हतीच. पण बाप्पा, चिखलाची का होईना, जागा होती! म्हणून मैदानावर लग्नाचा मांडव पडला की माझ्यातला कारकून अस्वस्थ होतो. चेंडूऐवजी बादली चालते. मैदानाऐवजी काय चालेल, ते कुठल्याच खतावणीत सापडत नाही.