संडीलाच्या शेतात उतरलेलं विमान

लखनऊ छावणीत पोस्टिंग होतं तेव्हा टेम्पररी ड्यूटीवर मला बऱ्याचदा दिल्लीला जावं लागे. हरदोईमार्गे जाणाऱ्या गाडीने निघालं की वाटेत संडीला लागतं. इथले लाडू प्रसिद्ध, मातीच्या मडक्यात मिळतात. एकदा मी खिडकीतून लाडूंचा भाव करत होतो, तेव्हा सोबतचे जुने सुभेदार साहेब म्हणाले, "लाडू घे, पण या गावाला एक सॅल्यूटही ठोक. इथल्या शेतात एका पोराने अर्धं आर्मी हेडक्वार्टर जिवंत उतरवलं होतं."

तेव्हा ती अतिशयोक्ती वाटली. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, साहेब फारसं वाढवून बोलले नव्हते.

गोष्ट ३ फेब्रुवारी १९५२ ची. वायुसेनेचं एक डेव्हन विमान लखनऊहून दिल्लीला निघालं होतं. डेव्हन म्हणजे दोन पिस्टन इंजिनांचं, आठ-दहा माणसांचं छोटं विमान. कॅप्टन होते फ्लाइट लेफ्टनंट सुहास बिस्वास, कलकत्त्याचे, वय अवघं २७. मागे बसले होते लेफ्टनंट जनरल श्रीनागेश, मेजर जनरल थिमय्या, मेजर जनरल थोरात आणि आणखी काही वरिष्ठ अधिकारी. श्रीनागेश यांचा जन्म कोल्हापूरचा, थोरातही कोल्हापूरकडचेच. म्हणजे आपल्या मातीचे दोघे त्या एकाच विमानात होते.

संडीलाजवळ एका इंजिनाने पेट घेतला.

इथे जरा थांबून समजून घ्यायला हवं. इंजिन बंद पडणं वेगळं आणि इंजिन पेटणं वेगळं. दोनपैकी एक नुसतं बंद पडलं, तर दुसऱ्याच्या जोरावर वैमानिक जवळचा विमानतळ गाठू शकतो. लखनऊ तर मागेच होतं, पन्नासेक किलोमीटरवर. पण डेव्हनचं इंजिन पंखावर आणि पेट्रोलच्या टाक्याही पंखातच. आग तिथवर पोहोचली की संपलं. बिस्वास यांनी आग विझवायचा प्रयत्न केला, पण ती आटोक्यात येईना. आता मागे फिरून धावपट्टी गाठायची, की समोर दिसेल त्या जमिनीवर उतरायचं? मागे फिरावं असंच कोणालाही वाटेल, कारण धावपट्टी ओळखीची असते. पण त्यात मिनिटं जातात, आणि तीच हाताशी नव्हती.

बिस्वास यांनी शेत निवडलं. शेतात बांध असतात, पाण्याचे पाट असतात, झाडं असतात, आणि उतरताना चुकलं तर दुसरी संधी नसते. तरीही त्यांनी विमान उतरवलं आणि आतली सगळी माणसं जिवंत बाहेर आली.

या कामगिरीबद्दल त्यांना अशोक चक्र मिळालं. हा सन्मान मिळवणारे ते वायुसेनेतले पहिले. शत्रू समोर नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी हे पदक देतात. इथे शत्रू म्हणजे आग आणि घड्याळ.

आता त्या प्रवाशांचं पुढे काय झालं ते पाहा. पुढच्याच वर्षी कोरियातल्या युद्धकैद्यांच्या अवघड प्रश्नासाठी भारताने माणसं पाठवली. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते थिमय्या आणि तिथल्या भारतीय दलाचे कमांडर थोरात. १९५५ मध्ये श्रीनागेश लष्करप्रमुख झाले, १९५७ मध्ये त्यांच्या जागी थिमय्या आले. थोरातांनी पूर्व कमांड सांभाळली आणि चीनचा धोका १९६२ च्या आधीच, लखनऊमधूनच, लेखी कळवला. तो इशारा मानला गेला नाही, हे आपलं दुर्दैव. पण इशारा देणारा माणूस जिवंत होता, तो त्या शेतामुळे.

आणि बिस्वास? १९५७ साली विमान अपघातातच ते गेले. ज्यांना वाचवलं त्यांची नावं रस्त्यांना, संस्थांना लागली. वाचवणाऱ्याचं नाव आज किती जणांना माहीत आहे?

एक धडा मात्र आपण त्या दिवशी घेतला नाही. एवढे अधिकारी एका विमानात बसवू नयेत, हे संडीलाने सांगितलं होतं. तिथे सगळे वाचले, म्हणून बहुधा विसरलं गेलं. २२ नोव्हेंबर १९६३ ला पूंछजवळ एक हेलिकॉप्टर तारांना अडकून कोसळलं. त्यात लेफ्टनंट जनरल दौलत सिंग, लेफ्टनंट जनरल बिक्रम सिंग आणि एअर व्हाइस मार्शल पिंटो यांच्यासह सहा जण गेले. वरिष्ठांनी एकत्र उडू नये हा नियम कडक झाला तो त्यानंतर. फौजेत म्हणतात ना, नियम रक्ताने लिहिले जातात. संडीलाला रक्त सांडलं नाही, म्हणून नियमही लिहिला गेला नाही.

त्यानंतर संडीलावरून जाताना मी लाडू घ्यायचो आणि खिडकीबाहेर शेतं दिसेनाशी होईपर्यंत सरळ बसायचो. वर्दीत असेन तर सॅल्यूटही व्हायचा. डब्यातले लोक बघायचे. बघू देत.

जय हिंद.