जुन्या गाडीची किल्ली नवी करताना

गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली की बऱ्याचदा इंजिनाच्या आधी थकते ती तिची किल्ली. रिमोटची रबरी बटणे फाटतात, कवचाला तडे जातात आणि खिशातल्या नाण्यांवर घासून घासून त्यावरील चिन्हे पुसली जातात. अशा वेळी बाजारातून घडीच्या पात्याचे नवे कवच आणून किल्लीचे रूप घरच्या घरी पालटणे हे काम फारसे अवघड नाही. मात्र जुन्या कवचाच्या पोटात काय दडले आहे, याची माहिती न घेता ते हाती घेतले तर गाडी दारातच उभी राहते. किल्ली फिरते, दरवाजेही उघडतात. इंजिन मात्र चालू होत नाही. असे झाल्यास पहिला संशय घ्यावा तो कचऱ्यात टाकलेल्या जुन्या कवचात राहून गेलेल्या नखाएवढ्या चिपचा.

किल्ली एक, कामे तीन

रिमोटच्या किल्लीत परस्परांपासून स्वतंत्र अशा तीन यंत्रणा असतात. पहिली अर्थातच धातूचे पाते. दुसरी रिमोटची. बटण दाबले की छोट्या सर्किटमधून रेडिओ संदेश निघतो आणि दरवाजांची कुलपे उघडतात वा लागतात. आपल्याकडील व युरोपातील बहुतेक रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात, तर अमेरिकेत ३१५ मेगाहर्ट्झ रूढ आहे. परदेशातून मागवलेला, दिसायला हुबेहूब असणारा रिमोट येथे निरुपयोगी ठरतो, त्याचे हे एक कारण.

तिसरी यंत्रणा ‘ट्रान्सपॉन्डर’ चिपची. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचे वेटोळे असते. किल्ली आत घालून फिरवली की त्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, त्यावरच चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. ओळख पटली नाही तर ‘इमोबिलायझर’ इंजिन चालू होऊ देत नाही. युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा बंधनकारक केली. म्हणूनच रिमोटचा सेल पूर्ण संपला तरी गाडी चालू होते; आणि सेल नवाकोरा असला, पण चिप हरवली, तर होत नाही.

आधी ओळख, मग खरेदी

आपल्या किल्लीत चिप आहे की नाही, हे डॅशबोर्डवरून कळू शकते. इग्निशन चालू करताच किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह असलेला दिवा क्षणभर लागून विझत असेल, तर गाडीत इमोबिलायझर आहे असे समजावे. गाडीसोबतच्या पुस्तिकेतही हा उल्लेख असतो. नवे कवच घेताना बटणांची संख्या व जागा, पात्याची खाच आणि सेलचा क्रमांक जुन्याशी ताडून पाहावा. सेलच्या क्रमांकात त्याचे मापच असते. ‘सीआर २०३२’ म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा. ‘सीआर २०१६’ तेवढ्याच व्यासाचा, पण १.६ मिलिमीटर जाडीचा. दोन्ही तीन व्होल्टचेच असले तरी एकाच्या जागी दुसरा नीट बसत नाही.

कवच बदलण्याची रीत

नव्या कवचासोबत येणारे पाते कोरे असते. चावीवाल्याकडून ते मूळ पात्याबरहुकूम कापून घ्यावे आणि सर्वप्रथम त्याने दरवाजा व इग्निशन दोन्ही सहज फिरतात का, ते पाहावे. अडकणारे पाते बळाने फिरवू नये. ते कुलपात तुटल्यास खर्च कित्येक पटींनी वाढतो. याच वेळी जुनी किल्ली इग्निशनच्या कुलपाला अगदी लगटून धरावी आणि नव्या पात्याने गाडी चालू करून पाहावी. ती चालू झाली, तर पाते बिनचूक आहे आणि ओळख सांगणारी चिप जुन्या किल्लीतच आहे, या दोन्ही गोष्टी एकदम सिद्ध होतात.

यानंतर स्वच्छ पांढरे कापड अंथरून त्यावर जुने कवच उघडावे. स्क्रू असल्यास आधी काढावा आणि सांध्यात पातळ प्लास्टिकचे कार्ड सरकवावे. स्क्रूड्रायव्हरचे टोक खोलवर खुपसू नये. कोणता भाग कोठे होता, याचे एक छायाचित्र काढून ठेवावे. सर्किट कडेला धरून उचलावे. चिप काही किल्ल्यांत सर्किटवरच जोडलेली असते, काहींत ती पात्याजवळच्या खाचेत वेगळी बसवलेली असते. काळ्या ठोकळ्यासारखी किंवा काचेच्या बारीक नळीसारखी दिसणारी ही वस्तू चिमट्याने हलकेच काढावी. ती गोंदाने पक्की चिकटवलेली असेल, तर कोरून काढण्याचा मोह टाळून जाणकाराकडे जावे. काचेची चिप तडकली की ती दुरुस्त होत नाही.

सर्किटवर हिरवट थर दिसल्यास तो दमट हवेचा परिणाम समजावा. मुंबई-कोकणात तो लवकर धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ ब्रशने तो पुसून सर्किट पूर्ण कोरडे होऊ द्यावे. मग सर्किट, चिप आणि सेल नव्या कवचात त्याच क्रमाने बसवावेत. सेलची अधिक-उणे बाजू पडताळावी. कवच कायमचे बंद करण्यापूर्वी गाडी चालू करून पाहावी, दरवाजे उघडून पाहावेत. जुने कवच निदान आठवडाभर तरी टाकू नये.

रिमोट दाद देत नसेल तर

बहुतेक रिमोट दर वेळी नवा संकेत पाठवतात, म्हणजे एकदा ‘ऐकलेला’ संकेत चोराला पुन्हा वापरता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत १९८०च्या दशकात विकसित झालेली ‘कीलॉक’ ही या प्रकारातील प्रसिद्ध पद्धत. तिच्या रूढ मांडणीत गाडीपासून दूर असताना बटण दाबले गेले आणि रिमोटची मोजणी १६ पर्यंत पुढे गेली तरी गाडी संकेत स्वीकारते. मोजणी त्याहून बरीच पुढे गेली असेल तर लागोपाठ दोनदा बटण दाबावे लागते. मुलांच्या हाती खेळणे झालेला रिमोट पहिल्या दाबाला गप्प राहतो, तो यामुळेच. सर्किट जुनेच असेल तर नव्याने नोंदणीची गरज सहसा पडत नाही. नवा रिमोट वा नवी चिप असेल, तर मात्र ती गाडीच्या संगणकात नोंदवावी लागते आणि बहुतेक गाड्यांत हे काम निदान यंत्राशिवाय होत नाही. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी त्याच वेळी आधीच्या सर्व किल्ल्यांची नोंद पुसून घ्यावी.

साधी किल्ली असलेल्या गाड्या

रिमोट नसलेल्या जुन्या गाड्यांसाठी ‘सेंट्रल लॉकिंग’चे तयार संच मिळतात. त्यात नियंत्रक पेटी, रिमोट आणि प्रत्येक दरवाजासाठी एक मोटर असते. चालकाच्या दरवाजाची मोटर सहसा पाच तारांची व इतर दोन तारांच्या असतात. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, विजेच्या मुख्य तारेवर फ्यूज बसवावा आणि दरवाजाचे आतील आवरण लावण्याआधी काच पूर्ण खाली-वर करून ती कोठे अडत नाही ना, हे पाहावे. या संचाने सोय होते, पण इंजिन सुरक्षित होत नाही.

बटणाने इंजिन चालू करणाऱ्या काही संचांत मात्र मोठा धोका आहे. इमोबिलायझरला चकवण्यासाठी त्यांत मूळ किल्लीची चिप डॅशबोर्डच्या आत कायमची दडवून ठेवावी लागते. म्हणजे घराला भक्कम कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यासारखेच ते! किल्ली खिशातून न काढता चालणाऱ्या कारखानी यंत्रणांनाही दोन उपकरणांनी संकेत लांबवून फसवता येते, हे झुरिचच्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर दाखवून दिले होते.

हे विसरू नये

गाडी चोरीला गेल्यास विमा कंपन्या सहसा दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. तेव्हा मूळ पाते आणि दुसरी किल्ली जपून ठेवावी, वायरिंगमधील बदल विमा कंपनीला कळवावा. काढलेला सेल मुलांच्या हाती लागू देऊ नये. गिळला गेल्यास दोन तासांतच अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. तसा संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. आणि एकच किल्ली शिल्लक असेल, तर प्रयोग तिच्यावर करू नये. आधी दुसरी किल्ली करून घ्यावी, मग पहिलीचे रूप पालटावे.