दूरशिक्षणकाळातील छात्राध्यापकांचे मानसिक स्वास्थ्य

छात्राध्यापक म्हणजे बी.एड., डी.एल.एड. यांसारख्या अध्यापक शिक्षणक्रमांचे विद्यार्थी. कोविड-१९ महामारीत, मार्च २०२० पासून, भारतातील शाळा व अध्यापक महाविद्यालये बंद राहिल्याने त्यांचे शिक्षण ऑनलाइन झाले. शिकणे आणि शिकवणे या दोन्ही भूमिका त्यांना पडद्यासमोरच पार पाडाव्या लागल्या. त्यामुळे त्यांच्या मानसिक स्वास्थ्याचा प्रश्न इतर विद्यार्थ्यांहून वेगळा ठरतो.

संकल्पना

मानसशास्त्रज्ञ कॅरल रिफ यांनी १९८९ मध्ये मानसिक सुस्थितीचे सहा घटक मांडले : आत्मस्वीकार, इतरांशी सकारात्मक संबंध, स्वायत्तता, परिस्थितीवर प्रभुत्व, जीवनहेतू आणि व्यक्तिविकास. आल्बर्ट बांडुरा यांच्या मते (१९७७) ‘हे मला जमेल’ हा विश्वास चार स्रोतांतून येतो : स्वतःचा यशस्वी अनुभव, इतरांचे निरीक्षण, प्रोत्साहनाचे शब्द आणि शारीरिक-भावनिक अवस्था.

आंतरवासितेचे महत्त्व

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यात २० आठवड्यांची शालेय आंतरवासिता आहे. पाठ टाचण काढणे, सराव पाठ घेणे, सहकाऱ्यांच्या पाठांचे निरीक्षण करणे आणि मार्गदर्शकांचा अभिप्राय ऐकणे यांतून बांडुरा यांनी सांगितलेले पहिले तीन स्रोत प्रत्यक्ष मिळतात.

दूरशिक्षणातील ताण

ऑनलाइन पाठात विद्यार्थ्यांचे कॅमेरे बंद असल्यास पाठ समजला की नाही, हे चेहऱ्यांवरून कळत नाही. वर्गनियंत्रण, फलकलेखन आणि मागच्या बाकावरील विद्यार्थ्याकडे लक्ष देणे ही कौशल्ये पडद्यावर पुरेशी आत्मसात होत नाहीत. त्यात दुर्बळ नेटवर्क, घरात सर्वांना मिळून एकच मोबाइल, शांत जागेचा अभाव, आजारपणाची भीती आणि नोकरीची अनिश्चितता यांची भर पडते. एकही प्रत्यक्ष पाठ न घेता पदवी हाती आल्यास पहिल्या वर्गाची धास्ती वाढू शकते.

दूरशिक्षण आणि वर्गानुभव

दूरशिक्षण हेच ताणाचे एकमेव कारण मानता येत नाही. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा (स्थापना १९८९) बी.एड. शिक्षणक्रम सेवेतील शिक्षकांसाठी आहे. त्यांच्याकडे स्वतःचा वर्ग असतो व शिकलेले ते तेथे पडताळून पाहू शकतात. नवख्या छात्राध्यापकाला ही सोय नसते. म्हणून पद्धतीपेक्षा वर्गानुभवाचा अभाव अधिक निर्णायक ठरतो.

उपाययोजना

केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये विद्यार्थी, शिक्षक व पालकांच्या मानसिक आधारासाठी ‘मनोदर्पण’ उपक्रम सुरू केला. महाविद्यालयीन पातळीवर पुढील उपाय उपयुक्त ठरतात :

* छोट्या गटांत सूक्ष्म अध्यापन व त्याच दिवशी अभिप्राय
* प्राध्यापकांचा ठरावीक वेळी व्यक्तिगत दूरध्वनी
* सहाध्यायी गट
* स्वाध्यायांच्या मुदतीत लवचिकता
* शाळा उघडताच राहिलेले प्रत्यक्ष पाठ पूर्ण करून घेणे

हे सुद्धा पहा

* अध्यापक शिक्षण
* सूक्ष्म अध्यापन
* दूरशिक्षण