कशाभिका-जुळणीचे नियमन

जीवाणूला पोहण्यासाठी लागणाऱ्या कशाभिकेची प्रथिने कोणत्या क्रमाने तयार व्हावीत आणि पेशीबाहेर केव्हा धाडली जावीत, हे ठरवणारी यंत्रणा. तिचा सर्वाधिक अभ्यास साल्मोनेला एंटेरिका या जीवाणूत झाला आहे. त्यात या कामी ५० हून अधिक जनुके गुंतलेली असतात. कशाभिकेच्या एकेका तंतूत फ्लॅजेलिन या प्रथिनाचे सुमारे २०,००० रेणू लागतात. पाया पुरा होण्याआधी ते बनवणे म्हणजे पेशीच्या ऊर्जेचा अपव्ययच.

ही जनुके तीन वर्गांत मोडतात. पहिल्या वर्गातील फ्लएच-डीसी हा प्रमुख नियामक दुसऱ्या वर्गाला चालना देतो. या वर्गातून पेशीपटलातील आधारकाय, त्यावरचा आकडा आणि स्रवणयंत्रणा यांची प्रथिने मिळतात. तिसऱ्या वर्गात फ्लॅजेलिन, चलित्राचे स्थिर घटक आणि रसायनानुचलनाची प्रथिने येतात. त्यांच्या प्रतिलेखनासाठी सिग्मा-२८ हा घटक लागतो. तो दुसऱ्या वर्गातच तयार होतो, पण फ्लजी-एम हे प्रथिन त्याला चिकटून निष्क्रिय ठेवते.

ही अडवणूक कशी सुटते, हे केली ह्यूज व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले. आकडा पूर्ण झाला की फ्लजी-एम त्यातील पोकळ मार्गाने पेशीबाहेर टाकले जाते आणि सिग्मा-२८ मोकळा होतो. बांधकाम कुठवर आले हे कळण्यासाठी वेगळा संवेदक लागत नाही. स्रवणाचा मार्गच ते काम करतो.

आकडा पुरा झाल्याचे फ्लि-के या प्रथिनामुळे ठरते. ते अधूनमधून स्रवत आकड्याची लांबी मापते. लांबी सुमारे ५५ नॅनोमीटर झाली की ते स्रवणद्वारातील फ्लएच-बीशी जोडले जाते. तेव्हापासून द्वार आकड्याची प्रथिने नाकारते आणि तंतूची प्रथिने व फ्लजी-एम यांना वाट देते. फ्लि-के नसलेल्या उत्परिवर्तित जीवाणूंत आकडा लांबतच राहतो, तंतू मात्र उगवत नाही.

स्रवणाला मुख्यतः पेशीपटलावरील प्रोटॉन-प्रेरक बल ऊर्जा पुरवते. फ्लि-आय हे एटीपी-विघटक विकर त्याला साहाय्य करते. प्रथिने घडी उलगडलेल्या स्थितीत सुमारे २ नॅनोमीटर रुंद नळीतून टोकापर्यंत जातात. तंतू टोकाकडूनच वाढतो. तेथे फ्लि-डीची टोपी प्रत्येक नव्या रेणूला जागी बसवते.

व्हिब्रिओ कॉलरी व स्यूडोमोनास एरुजिनोसा यांच्यात जनुकांचे चार स्तर असून मधल्या टप्प्यांत सिग्मा-५४ वापरला जातो. सिग्मा-२८ आणि फ्लजी-एम ही जोडी मात्र त्यांच्यातही आहे.