नांगर, माती आणि भाजीची वाडी

जुबिलीच्या वर्षी पूर्वजांनी आपल्या हाती काय ठेवले याचा हिशेब मांडला जातो. देवालय, शाळा व क्रूस डोळ्यांस दिसतात. परंतु ज्या वाड्यांतील भाजीपाल्यावर घरोघरचा निर्वाह झाला, त्या वाड्यांची माती हीही पूर्वजांची ठेवच होय. या ठेवीचे मोल तीत मुरलेल्या सेंद्रिय द्रव्यात, म्हणजे कुजलेला पाला, मुळ्या व शेणखत यांच्या अंशात असते. ते द्रव्य पाणी धरून ठेवते, कणांस कण जोडते व पिकास हळूहळू नत्र पुरविते. नांगर व कुदळ या ठेवीचे काय करतात, हे उमगण्यास मनुष्यास दोन शतकांहून अधिक काळ लागला. तो इतिहास आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

इंग्लंडातील जेथ्रो टल (१६७४–१७४१) यांनी दक्षिण फ्रान्समधील द्राक्षमळ्यांत वेलींच्या ओळींमधील जमीन वारंवार खणली जात असलेली पाहिली. मायदेशी त्यांनी गव्हाच्या शेतात तीच रीत चालविली, आणि १७३३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, मातीचे सूक्ष्म कण हेच वनस्पतीचे अन्न असून जमीन पुरेशी बारीक केल्यास खताची गरज उरत नाही. त्यांनी एकाच शेतात खताविना वर्षानुवर्षे गहू पिकविलाही. अनुभव खरा होता. त्याचे सांगितलेले कारण मात्र खरे नव्हते. माती उकरली की ढेकळांत जपून राहिलेले सेंद्रिय द्रव्य उघडे पडते, हवा आत शिरते आणि सूक्ष्म जंतू ते द्रव्य झपाट्याने खाऊन टाकतात. त्यातील नत्र पिकास मिळते; कर्ब मात्र वायुरूपाने आकाशात निघून जातो. अर्थात टल यांचे पीक व्याजावर नव्हे, मुदलावर पोसले जात होते.

मुद्दल सरल्यावर काय होते, ते अमेरिकेने पाहिले. तेथील मध्यवर्ती मैदानांची भूमी युगानुयुगे गवताच्या मुळ्यांनी समृद्ध झाली होती. ती नांगरून उघडी टाकली गेली, आणि १९३० नंतरच्या अवर्षणात तिचे कण वादळांवर उडू लागले. १४ एप्रिल १९३५ रोजी, झावळ्यांच्या रविवारी, धुळीने भरदिवसा अंधार पडला. त्याच महिन्यात तेथे मृदासंधारणाचा कायदा झाला. पुढे ओहायोतील एडवर्ड फॉकनर यांनी १९४३ साली पलटी नांगरावरच दोषारोप करणारे पुस्तक लिहिले. त्यांचे प्रयोग प्रथम घरामागील बागेत व नंतर खंडाने घेतलेल्या जमिनीत, भाजीपाल्यावरच झाले होते. हिरवळ खोल गाडू नये, वरच्या थरातच मिसळावी, असे त्यांचे सांगणे होते.

ठेव भरून काढण्याचा मार्गही याच काळात शोधला गेला. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी पाला, कचरा व शेण यांपासून खत करण्याची पद्धत बसविली. त्याविषयीच्या १९३१ च्या ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड हे होते. इंग्लंडात वोबर्न येथील रेताड जमिनीत १९४२ पासून भाजीच्या पिकांवर दीर्घ प्रयोग झाला. शेणखत व कंपोस्ट भरपूर घातले तेव्हा सेंद्रिय द्रव्य वाढले. घालणे थांबताच ते पुन्हा घटत गेले.

आमच्या वाडीकऱ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. भाजीची दोन-तीन पिके वर्षात निघतात व दर वेळी वाफा नव्याने भुसभुशीत केला जातो. मेथी, पालक, मुळा तर मुळासकट बाजारात जातात. मातीस परत काहीच मिळत नाही. किनाऱ्याची उष्ण व दमट हवा कुजणे आणखी वाढविते, आणि रोटाव्हेटर तासाभरात मातीचा भुगा करतो.

तथापि नांगर टाकून दिला की सर्व साधेल, असेही नाही. अलीकडील मोजमापांवरून दिसते की, मशागत थांबविल्यास सेंद्रिय द्रव्य मुख्यत्वे वरच्या थरात साठते. खोल थरात ते पुष्कळदा वाढत नाही. शिवाय बारीक बियांस मऊ वाफा लागतोच. म्हणून मध्यम मार्ग उत्तम: वाफे कायमचे ठेवावेत, बियांपुरतीच वरवर मशागत करावी, वांगी, मिरची यांची रोपे केवळ खड्डा करून लावावीत, पाल्याचे आच्छादन घालावे, मोकळ्या जागी ताग पेरून तो वरच्या थरात मिसळावा, आणि शेणखत वर्षाआड नव्हे, दरवर्षी द्यावे.

प्रत्येक खणणी म्हणजे ठेवीतून काढलेली रक्कम होय. काढले तितके परत घातले, तरच पुढील जुबिलीच्या वेळी आमच्या नातवंडांच्या हाती जिवंत माती राहील.